सात नंबरची खुर्ची

इचलकरंजीत खो-खोच्या सामन्याला दोन प्रकारची माणसं यायची. काही खेळ बघायला यायची, आणि काही रामलिंगअण्णा मुरदंडे खेळाबद्दल काय बोलतात ते ऐकायला. दुसऱ्या प्रकारची गर्दी जास्त असते, असं अण्णांचं स्वतःचं मत होतं. मैदानावरच्या ज्या गोष्टीबद्दल अण्णांना मत नाही, अशी गोष्ट अजून कुणाला सापडली नव्हती.

अण्णा यंत्रमागावर जॉबर होते. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा मिस्त्री. पस्तीस वर्षं मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांना हळू बोलणं जमतच नसे. प्रेक्षकांत बसून ते थेट प्रशिक्षकाच्या कानात शिरेल अशा बेतानं बोलत. "पहिल्या तुकडीत नवी पोरगी घातलीया! घाम फुटायच्या आधी बाद हुईल, लिहून घ्या!" "खांबाजवळ बुटकी बसवलीया, आता सूर कोण मारणार, तिचा मामा?" त्या पोरीचे आईबाप मागं वळून डोळे वटारत. पोरगी बाद झाली की तेच आईबाप मुकाट्यानं पुढं बघू लागत. आणि ती बाद न होता चांगली दोन-अडीच मिनिटं पळाली, तर अण्णा "नशीब एकेकाचं!" म्हणून खिशातले शेंगदाणे तोंडात टाकत. चुकलो असं ते कधी म्हणाल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

त्यांची एकुलती एक मुलगी शर्वरी महाराष्ट्राकडून खेळलेली होती. तिचा हातखंडा पळतीचा. आठजणी पाटीवर बसलेल्या, नववी मागं लागलेली, आणि त्यांच्यामधून ही अशी निसटायची की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. खो-खोत पळणाऱ्याची लायकी घड्याळ सांगतं. शर्वरी अडीच मिनिटं तर हमखास काढायची. सामना संपला, की गळ्यात टॉवेल टाकून ती आधी अण्णांसमोर येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "बोला."

मग अण्णा बोलत. सगळं मैदान पोरीचं कौतुक करत असताना बाप तिला चुका सांगे. "तिसऱ्या पाटीवर हूल दिलीस ती उशिरा." "दोनदा मागं वळून बघितलंस. मागं काय वरात चालली हुती?" ती हसत हसत ऐकून घ्यायची, मध्येच वाद घालायची, आणि पुढच्या सामन्यात नेमकी ती चूक टाळायची. बापलेकीचं प्रेम म्हणतात ते त्या घरात एवढंच होतं, पण भरपूर होतं.

दोन वर्षांपूर्वी शर्वरीच्या डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. शस्त्रक्रिया झाली, नऊ महिने घरात गेले. मग ती पुन्हा उभी राहिली, पुन्हा पळायला लागली. आता ती सव्वीस वर्षांची होती. यंदा महाराष्ट्राच्या संघात नाव लागलं तर लागलं. पुढच्या वर्षी तिच्या जागेसाठी अठरा-अठरा वर्षांच्या पोरी उभ्याच होत्या. एकदा, फक्त एकदा, तिला तो शर्ट पुन्हा घालायचा होता. अण्णांना तर तिच्यापेक्षा जास्त घाई होती.

त्याच हंगामात 'चाहूल' आली.

चाहूल आणली डॉ. मृण्मयी देवस्थळी यांनी. बाई पुण्याच्या, मेंदूच्या अभ्यासातल्या. मैदानाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर त्या अण्णांना शोधत आल्या आणि पहिल्याच वाक्यात त्यांनी अण्णांना दुखावलं.

"मला तुमचं मत नकोय," त्या म्हणाल्या. "मला तुमचे डोळे हवेत."

"डोळे काढून द्यायला मी काय मेलोय व्हय?" अण्णा म्हणाले.

बाई हसल्या. "अण्णा, माग चालू असताना धागा तुटणार हे तुम्हाला कधी कळतं?"

"तुटायच्या आधी."

"कशावरून?"

अण्णांनी कप खाली ठेवला. "आवाजावरनं... न्हाई, आवाज न्हवं. धाग्याच्या ताणावरनं... तसंबी न्हाई. कळतंय. बास."

"ते 'कळतंय, बास' मला मोजायचंय."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. फळीवरून भांडं घसरायला लागलं, की आपला हात आधी पुढं होतो आणि 'अरे, पडलं' हे मागाहून सुचतं. कारण मेंदू जे घडतंय ते बघत बसत नाही, पुढं काय घडेल याचा सतत अंदाज बांधत असतो. ज्यानं एखादी गोष्ट हजारो वेळा बघितली, त्याचा अंदाज फार पक्का असतो. पण हा अंदाज शब्दांपर्यंत पोचायला वेळ लागतो. त्याआधी तो शरीरात उमटतो. पळणारी बाद होण्याच्या सेकंदभर आधीच मुरलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्याची बाहुली मोठी होते, नजर ती जिथं पकडली जाणार त्या जागेवर उडी मारते, तळहाताला नकळत घाम सुटतो. कॅमेऱ्याला खेळाडूचा वेग कळतो, पण तिच्या पावलात शिरलेली चलबिचल कळत नाही. बघणाऱ्या माणसाला ती कळते, फक्त आपल्याला कळली आहे हे त्याला कळत नाही.

चाहूल म्हणजे एक हलका चष्मा आणि मनगटाचा पट्टा. राज्यभरातून निवडलेले बारा मुरलेले प्रेक्षक प्रत्येक मोठ्या सामन्याला बारा ठरलेल्या खुर्च्यांवर बसणार. यंत्र त्यांचं शरीर वाचणार. ज्याचा अंदाज जास्त वेळा खरा ठरेल, त्याच्या खुर्चीला जास्त वजन. हंगामभराच्या नोंदींवरून प्रत्येक खेळाडूची एक रेषा निघणार, आणि खेळाडू चढतीवर आहे की उतरतीवर, हे घड्याळाला समजायच्या चार-सहा महिने आधी त्या रेषेवरून समजणार. निवड समितीला हेच हवं होतं. राष्ट्रीय स्पर्धेत ऐन सामन्यात खेळाडू कोसळण्यापेक्षा आधी समजलेलं बरं.

"आणि आमी तोंडानं बोलतो त्याचं काय?" अण्णांनी विचारलं.

"ते यंत्र ऐकत नाही. बोलण्यात मैत्री येते, गाव येतं, हट्ट येतो."

अर्जावर शेवटी एक प्रश्न होता. खेळाडूंमध्ये आपले कुणी नातेवाईक असल्यास त्यांच्या सामन्यातल्या आपल्या नोंदी वगळाव्यात का? बाईंनी त्यावर बोट ठेवलं. "तुमची मुलगी खेळते. इथं 'हो' लिहा."

गाड्याभोवती आठ-दहा माणसं कान देऊन उभी होती. अण्णांनी त्या सगळ्यांकडं एकदा बघितलं. "मैदानात मला पोरगीबिरगी कोण न्हाई," ते मोठ्यानं म्हणाले. "जे माप सगळ्यास्नी, तेच शर्वरीला." आणि त्यांनी 'नाही' लिहून सही ठोकली. लोकांनी माना डोलावल्या. जाणकार असावा तर असा, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. ते ऐकून अण्णा दिवसभर खुशीत होते.

त्यांना सात नंबरची खुर्ची मिळाली.

तीन महिन्यांनी बाईंनी हिशेब दाखवला. अण्णांच्या तोंडचे अंदाज शंभरात सत्तावन्न वेळा खरे. अण्णांच्या डोळ्यांचे, एक्क्याण्णव वेळा. बारा खुर्च्यांत सर्वांत अचूक.

"म्हंजे मी बोलतो ते निम्मं चुकीचं?" अण्णांचा चेहरा पडला.

"आणि जे बोलत नाही ते जवळपास सगळं बरोबर."

यात मान मिळाला की अपमान झाला, हे अण्णांना आठवडाभर ठरवता आलं नाही. मग सात नंबरच्या खुर्चीचं वजन इतर चार खुर्च्यांइतकं झालंय, हे गावात पसरलं, आणि तो मान आहे असं त्यांनी ठरवून टाकलं. चष्मा लावून ते ऐटीत बसू लागले. शर्वरी चिडवायची, "आता तोंड बंद ठेवा आणि नुसते डोळे फिरवा. जगाला शांती मिळेल."

ती छान पळत होती. दोन मिनिटं चाळीस, दोन मिनिटं पस्तीस. सामन्यानंतर "बोला" म्हणत होती. अण्णा बोलत होते.

एप्रिलमध्ये संभाव्य खेळाडूंची पहिली यादी लागली. त्यात शर्वरीच्या नावापुढं तारा होता. तारा म्हणजे निवड रोखून ठेवली.

शर्वरीच्या क्रीडा मंडळाचे प्रशिक्षक आवटे सर घरी आले. शर्वरी व्यायामाला गेली होती. अण्णांच्या बायकोनं, उज्ज्वलाकाकूंनी, पुढं केलेला चहा सरांनी हातात घेतला. "अण्णा, तिचं घड्याळ चांगलं हाय," ते म्हणाले. "पण चाहूलची रेषा उतरतीया. सलग बारा सामने."

"कुणाच्या डोळ्यांना मोतीबिंदू झालाय?" अण्णा उसळले. "पोरगी पयल्यापेक्षा भारी पळतीया! बारा खुर्च्यांत कोण गाढव बसलंय?"

सरांनी नजर वर केली नाही. "अकरा खुर्च्यांची रेषा सपाट हाय. उतरतीया ती एकट्या सात नंबरची. आणि सात नंबरचं वजन चार माणसांचं."

चुलीजवळ उज्ज्वलाकाकूंच्या हातातली पळी तशीच राहिली. अण्णांना आपण काही ऐकलं नाही असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ते पुण्याला गेले. बाईंनी पडद्यावर नोंदी काढल्या. शर्वरी डावीकडं वळायची त्याच्या सेकंदभर आधी, दर वेळी, सात नंबरची बाहुली मोठी व्हायची. उजवीकडं वळताना काहीच नाही. फक्त डावीकडं.

"ही बापाची भीती हाय, बाई," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच इतका खाली आला होता. "त्या गुडघ्यानं नऊ महिने आमच्या घरात काय केलं ते मी बघितलंय. ती डावीकडं वळली की माझं काळीज हलतंय. त्यात खेळाचं काय कळणं न्हाई."

"असेलही," बाई म्हणाल्या. "भीती आणि कळणं, दोन्हींत शरीर सारखंच वागतं. यंत्राला त्यातला फरक सांगता येत नाही. खरं सांगू? मलाही येत नाही. म्हणूनच तो प्रश्न अर्जावर होता."

"मग आता काढा माझ्या नोंदी."

"सही केल्यावर समिती काढू देत नाही. तुम्ही खुर्ची सोडलीत, तर आहेत त्याच नोंदी शेवटच्या ठरतील. पण साताऱ्याला निवड चाचणी आहे. तिथल्या नोंदींना सर्वांत जास्त किंमत आहे. त्या दिवशी तुमची बाहुली शांत राहिली, तर रेषा वर येईल. अण्णा, तिथं फक्त बघा. जसं नेहमी बघता तसं."

एवढं साधं सांगणं होतं. पण परतीच्या सबंध प्रवासात अण्णांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: ती डावीकडं वळणार, आणि आपले डोळे दगा देणार. बाहुलीवर कुणाची हुकमत चालते?

आता मैदानावरच्या जुन्या प्रेक्षकांची एक रीत असते. सामना अगदी अटीतटीला आला, की त्यांतले काहीजण खेळाकडं पाठ फिरवतात. "मी बघितलं की आपला गडी बाद हुतोय," असं म्हणून बाहेर जाऊन विडी ओढतात, नाही तर चपलांकडं बघत बसतात. अण्णांनी अशा लोकांची आयुष्यभर टर उडवली होती. पण त्या प्रवासात कऱ्हाड मागं पडेपर्यंत त्यांना तीच वाट दिसायला लागली. बघितलंच नाही तर बाहुली मोठी होणार नाही. घाम येणार नाही. यंत्राला सपाट रेषा मिळेल, आणि सपाट म्हणजे सुरक्षित. बाईंना विचारावं असंही त्यांना वाटलं, पण विचारलं तर लबाडी उघडी पडली असती. शर्वरीला सांगावं, तर खेळाआधी तिचं मन बिघडलं असतं. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

साताऱ्याच्या सभागृहात मॅट अंथरली होती. बारा खुर्च्या एका रांगेत. सात नंबरवर अण्णा, आठ नंबरवर फलटणचे निकम नावाचे जुने खेळाडू. शर्वरी तिघींच्या पहिल्या तुकडीत आली. मॅटवर उतरताना तिनं खुर्च्यांकडं बघितलं आणि हात वर केला. अण्णांनीही केला. शिट्टी वाजली.

गुणलेखकाच्या टेबलावर पाण्याचा निळा जार होता. अण्णांनी त्याच्यावर नजर रोवली.

कानांना मात्र कुठं ठेवणार? बुटांचा आवाज येत होता. खो! परत खो! तुकडीतली एक बाद झाली, ते टाळ्यांवरून समजलं. मग दुसरी. मग सभागृहाचा आवाज बदलत गेला. आधी कुजबुज, मग एकदम सगळ्यांचा ओढलेला श्वास, मग आरोळी. पस्तीस वर्षांच्या सवयीनं मान वळू बघत होती; अण्णांनी ती धरून ठेवली. जारवर कंपनीचं नाव होतं, खाली पत्ता होता, त्याखाली पाणी कसं शुद्ध केलंय ते बारीक अक्षरात लिहिलं होतं. ते त्यांनी चार वेळा वाचलं.

निकमांनी त्यांचा दंड घट्ट धरला. "अण्णा! काय पळतीया पोरगी! साखळीतनं काय बाहेर पडली, बघितलंसा?"

"बघतोय की," अण्णा म्हणाले, आणि पाचव्यांदा जार वाचायला लागले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पुसायला हात वर करायचीही त्यांना भीती वाटली.

तीन मिनिटं बारा सेकंद. शर्वरी मुरदंडे इतका वेळ आयुष्यात कधी पळाली नव्हती. शेवटी खांबावर सूर मारून एकीनं तिला टिपलं, तेव्हा विरुद्ध संघातल्या पोरींनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. सभागृहात एकच माणूस असा होता, ज्यानं यातलं काही पाहिलं नाही.

डाव संपल्यावर टॉवेल गळ्यात टाकून ती धावत आली. चेहरा लाल झालेला, छाती वरखाली होत होती. "बोला."

"भारी," अण्णा म्हणाले.

"आणि?"

"आणि काय न्हाई. भारी पळालीस."

"एकपण चूक नाही?"

"न्हाई."

ती क्षणभर त्यांच्याकडं बघत राहिली. मग सगळ्यांसमोर तिनं बापाला मिठी मारली. तिचा घाम त्यांच्या शर्टाला लागला. इतक्या वर्षांत बापानं पहिल्यांदाच चूक काढली नव्हती, आणि बघणाऱ्यांना वाटलं, पोरीला हे महाराष्ट्राच्या शर्टापेक्षा कमी नाही. अण्णांना मात्र त्या मिठीत उभं राहणं कठीण झालं.

मंगळवारी अंतिम यादी लागली. शर्वरीचं नाव नव्हतं.

अण्णांनी तडक बाईंना फोन लावला. "बाई, रेषा सपाट यायला पायजे हुती! मी तिच्याकडं बघितलंच न्हाई! ठरवून न्हाई बघितलं!"

"अण्णा, हे काय केलंत," बाई म्हणाल्या. "समोरून गाडी येऊन आदळणार असं दिसलं, की माणूस काय करतो? तोंड फिरवतो. न बघणं ही चाहूलच्या लेखी सगळ्यात मोठी खूण आहे. मला का नाही विचारलंत?"

"मग सांगा की त्यास्नी! मी मुद्दाम केलं म्हणून सांगा!"

बाईंनी समितीला पत्र लिहिलं. समितीनं संध्याकाळच्या आत उत्तर दिलं: यादी लागल्यावर खेळाडूच्या वडिलांनी केलेला खुलासा विचारात घेता येत नाही. खरं तर त्यात त्यांचंही काही चुकलं नव्हतं. एक्क्याण्णव टक्के खऱ्या डोळ्यांपुढं सत्तावन्न टक्के खऱ्या तोंडाचं कोण ऐकणार?

बुधवारी दुपारी वीज गेली होती. अण्णांनी घरामागं टाकलेले स्वतःचे चारही माग बंद होते, त्यामुळे घर नको इतकं शांत होतं. शर्वरी माजघरात भिंतीला टेकून बसली होती. तिच्या हातात फोन होता. वगळलेल्या खेळाडूला आपला अहवाल बघायचा हक्क असतो, आणि तो सकाळीच आला होता.

"प्रेक्षक क्रमांक सात," तिनं वाचलं. आवाज सरळ होता. "खेळाडू मैदानात असताना संपूर्ण काळ दृष्टी अन्यत्र. अर्थ, दुखापतीची तीव्र पूर्वजाणीव. जोखीम सर्वोच्च." तिनं फोन मांडीवर ठेवला. "कुठं बघत होता अण्णा? तीन मिनिटं बारा सेकंद?"

अण्णा उंबऱ्यावर उभे होते. "पाण्याच्या जारकडं," ते म्हणाले.

उज्ज्वलाकाकू पदर तोंडाला लावून आत गेल्या.

"मी बघितलं असतं तर माझ्या डोळ्यांनी तुला पाडलं असतं, पोरी. दर वेळी पाडतच हुते ते. तू डावीकडं वळलीस की... मला वाटलं, न्हाई बघितलं तर वाचशील."

शर्वरी गुडघ्यावर हात ठेवून बसली होती. डाव्या. "तुमच्या डोळ्यांचं चुकलं नव्हतं," ती म्हणाली. "जानेवारीपासून दुखत होता. डावीकडं वळताना. मी कुणालाच सांगितलं नाही. सरांना नाही, आईला नाही. तुम्ही चुका सांगायचा त्यात हे कधी आलं नाही, म्हणून मला वाटायचं, चला, अण्णांनापण कळलं नाही."

"दुखत हुता?" अण्णा आत येऊन तिच्यासमोर बसले.

"हो. पण साताऱ्याला नाही दुखला." आता तिचा आवाज फाटला. "शप्पथ, अण्णा. का ते मला माहीत नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा मला गुडघा आहे हेच विसरायला झालं. डावीकडं, उजवीकडं, जिकडं मनात येईल तिकडं पाय जात होते. पळताना सारखं वाटत होतं, हे इथं दुसऱ्या कुणाला नाही कळणार. मला कळतंय आणि सात नंबरला कळत असेल."

अण्णांच्या ध्यानात आलं. नुसतं बघितलं असतं, तर डोळ्यांना ते कळलं असतं. बाहुली शांत राहिली असती. जगातल्या ज्या एका माणसाच्या नजरेनं पोरगी संघात गेली असती, त्या माणसानं तेवढीच तीन मिनिटं जार वाचण्यात घालवली होती. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ते रडले. मोठ्या आवाजाच्या माणसाचं रडणं, ते काही लपेना. शर्वरी उठली नाही, पण तिनं फोन त्यांच्या बाजूला सरकवला. त्यात साताऱ्याच्या सामन्याचं चित्रण होतं.

"आता बघा," ती म्हणाली.

त्यांनी बघितलं. तीन मिनिटं बारा सेकंद, डोळ्याची पापणी न लवता. पोरगी वाऱ्यासारखी पळत होती. ती डावीकडं वळायची आणि अण्णांच्या काळजाला काहीसुद्धा व्हायचं नाही. कारण ती कुठं सुटणार आणि कुठं सापडणार, हे आता सगळ्या जगाला माहीत होतं. खो-खो कळायला लागल्यापासून असा कोरडा सामना त्यांनी कधी बघितला नव्हता. पण दुसरं मिनिट सरता सरता त्यांची सवय जागी झाली. त्यांनी चित्र थांबवलं, मागं नेलं, पुन्हा बघितलं.

"इथं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "इथं खांब सोडायला उशीर केलास. अर्धा सेकंद. इथंच जोर घालवलास, न्हाईतर साडेतीन मिनिटं कुठं जात नव्हती."

शर्वरीनं वाकून पडद्यावर बघितलं. मान हलवली. चूक बरोबर होती.

"हे त्या दिवशी सांगायचं होतं, अण्णा," ती म्हणाली. "मला माहीत होती ती चूक. तुम्ही सांगाल म्हणून मी वाट बघत होते."

ती उठून आईकडं आत गेली. थोड्या वेळानं वीज आली, पण अण्णा माग चालू करायला गेले नाहीत.